त्रेसष्ट दुवे

"काका, हे बागवाले आपल्याला शिव्या घालतायत की आपली जाहिरात करतायत?" नकाशेवालीनं विचारलं.

काकांनी पडद्यावरच्या बागप्रेमी मंडळाच्या पानावरून मान वर केली. तिच्या ओठांवरून 'बागवाले' आणि 'शिव्या' एवढे दोनच शब्द त्यांच्या हाती लागले होते. पण दोन शब्दांवरून अख्खं वाक्य उभं करायची त्यांना आता सवय झाली होती.

"दोन्ही," ते म्हणाले. "वरच्या परिच्छेदात शिव्या. शाखेतलं पैशांचं मशीन सारखं बंद असतं म्हणून. खाली मात्र वर्गणी आपल्याच बँकेतल्या खात्यात भरा म्हणून सांगितलंय, आणि तिथे दुवा दिलाय."

"मग कारणाच्या रकान्यात काय टाकू?"

"सासू," काका म्हणाले. "नावं ठेवते, पण राहते आपल्याकडेच."

नकाशेवाली हसली आणि तिनं रकान्यात 'व्यवहार' असं लिहिलं. काकाही हसले, आणि पुढचं पान उघडलं. चारशे तेरावं.

बँकेच्या मुख्य कचेरीत चौथ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे उजव्या हाताला एक लांबट खोली होती. पाच टेबलं, एक पांढरा फळा आणि पश्चिमेकडे भिंतभर काच. तिच्या दारावर 'अभ्यास विभाग' अशी पाटी होती आणि खालच्या मजल्यांवरचे लोक तिला 'अभ्यासिका' म्हणून चिडवायचे. कारण तिथे कोणी मोठ्यानं बोलताना दिसायचं नाही. काकांना सगळे कॅशियरकाका म्हणत. खरं तर त्या खोलीत आल्यापासून दोन वर्षांत त्यांनी एका नोटेला हात लावला नव्हता. पण नाव काही माणसाबरोबर बदली होऊन येत नाही, ते आपलं आधीच येऊन बसतं.

काम सांगायला सोपं होतं. जगभरच्या वेबसाइटांवर कुठे कुठे आपल्या बँकेचा दुवा दिला आहे, हे संगणक शोधून काढायचा. त्यातही ज्या पानावर आपल्या बँकेबरोबर दुसऱ्या एखाद्या बँकेचाही दुवा असेल, ती पानं वेगळी काढायचा. ज्या दोन बँकांची नावं लोक वारंवार एका दमात घेतात, त्या लोकांच्या मनात शेजारी शेजारी असतात, असा त्यामागचा हिशोब. त्यावरून नकाशेवाली नकाशा काढायची. प्रत्येक बँक म्हणजे एक ठिपका, आणि दोन बँकांचे एकत्र दुवे जितके जास्त तितके त्यांचे ठिपके जवळ. आपला खरा स्पर्धक कोण, आपण मोठ्यांत बसतो की धाकट्यांत, हे वरिष्ठांना त्या नकाशावरून कळायचं.

पण संगणकाला मोजता येतं, वाचता येत नाही. स्तुती केली काय आणि शिव्या दिल्या काय, त्याच्या लेखी दुवा तो दुवा. म्हणून एकेक पान उघडून, वाचून, दुवा का दिला आहे ते लिहायला माणूस हवा होता. त्या जागेवर काकांना आणून बसवलं होतं.

बाकीचे सगळे 'लिंक' म्हणायचे. काका 'दुवा'च म्हणायचे. म्हातारी माणसं डोक्यावर हात ठेवून जो देतात तो शब्द यंत्राच्या कामाला कुणी लावला असेल, याचं त्यांना फार गोड नवल वाटायचं.

आणि हे काम त्यांना आवडत होतं, हे ते कुणाला सांगत नसत. दुपारी काचेतून ऊन आत यायचं, टेबलांवरून सरकत सरकत फळ्यापर्यंत जायचं. समोर एकामागून एक अनोळखी लोकांची पानं उघडत राहायची. पोहण्याचा क्लब. जुन्या घड्याळांच्या हौशी लोकांचं मंडळ. एका शाळेच्या माजी विद्यार्थिनींची यादी, तिच्यात निम्म्या नावांपुढे फुली. कानांत सतत समुद्रासारखी एक मंद गाज असायची आणि त्या गाजेत बसून काका लोकांच्या घरांत डोकावायचे. कधी कधी त्यांना वाटायचं, आपण पाण्याखाली बसलो आहोत, आणि वरून कागद तरंगत तरंगत खाली येत आहेत.

ही गाज सुरू झाली होती नऊ वर्षांपूर्वी, मधल्या चौकातल्या शाखेत, खिडकी नंबर तीनवर.

पहिल्यांदा सात आणि साठ एकसारखे ऐकू यायला लागले. मग बायकांचे आवाज पातळ झाले. मग पोरांचे गेलेच. काकांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. त्यांनी आपली युक्ती काढली. कोणी खिडकीशी आलं की हातातलं काम खाली ठेवायचं, मान वर करायची आणि थेट माणसाच्या तोंडाकडे बघायचं. आपला आवाज किती मोठा येतो याचा अंदाज राहिला नव्हता, म्हणून सावकाश, शब्द सुटा करून बोलायचं. आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी समोरच्याकडे फिरवायची. "बरोबर?" असं भुवयांनी विचारायचं. सात वर्षं असं निभावलं. पण काही दिवस फार वाईट जायचे. एखादा माणूस समोर उभा राहायचा, त्याचे ओठ हलायचे आणि काकांच्या कानांवर एक कणसुद्धा यायचा नाही. त्या दिवशी घरी जाताना त्यांचे पाय जड व्हायचे. आज शून्य, ते स्वतःशी म्हणायचे. आज उरलंसुरलंही गेलं.

शेवटी तक्रार आलीच. 'तीन नंबरवरच्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.' एक, मग दुसरी, मग पाचवी. शाखेचे साहेब भला माणूस. त्यांनी काकांना आत बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "वरच्या कचेरीत शांत जागा आहे. तुम्हाला बरं पडेल." काकांना त्यातलं 'शांत' तेवढं कळलं.

*

आता विभागप्रमुख मॅडमना नकाशात एक गोष्ट सापडली होती आणि त्या आनंदानं अस्वस्थ झाल्या होत्या.

मॅडम हुशार होत्या, चटपटीत होत्या, आणि त्यांना फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय होती. त्यामुळे काकांना मॅडमची पाठ चांगली ओळखीची होती. त्या सकाळी मॅडमनी नकाशा फळ्यावर लावला आणि एका ठिपक्याभोवती लाल गोल काढला. मग बराच वेळ पाठ बोलत राहिली. सगळं झाल्यावर नकाशेवालीनं आपली खुर्ची काकांसमोर ओढली आणि तोंड दिसेल अशी बसली.

"पुलापलीकडची ती छोटी बँक आहे ना, दोनच शाखावाली? तिचा ठिपका आपल्या ठिपक्याला चिकटलाय. मोठ्या तीन बँका कुठल्या कुठे राहिल्या. मॅडम म्हणतायत, ही बँक गुपचूप आपली गिऱ्हाईकं पळवतेय. पुढच्या गुरुवारी संचालकांसमोर मांडायचंय. त्याआधी तुम्ही ती पानं वाचून कारण शोधायचंय."

"किती पानं?"

तिनं बोटांनी दाखवलं. सहा, मग तीन.

काका नकाशाकडे बघत राहिले. पन्नासेक ठिपके, काही दाटीनं, काही एकेकटे. उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण दिसतात तसे. त्यात एक मोठा निळा कण आणि त्याला अगदी खेटून एक बारीक हिरवा कण. पळवापळवी करणारा तो काही वाटेना. थोरल्याचं बोट धरून चालणाऱ्या धाकट्या बहिणीसारखा वाटत होता.

पहिलं पान एका शिवणवर्गाचं होतं. दुसरं बुद्धिबळाच्या क्लबचं. तिसरं एका शाळेच्या पालक मंडळाचं. तिन्हीकडे एकच यादी होती: 'आपल्याला सोयीच्या जागा'. एक दवाखाना, एक चष्म्याचं दुकान, टपाल कचेरीतली एक खिडकी, आणि दोन बँका. तिन्हीकडे 'खिडकी' हा शब्द ऱ्हस्व 'कि' घालून चुकीचा लिहिलेला. काका मनात म्हणाले, म्हणजे एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. किती ताटांत वाढली तरी शितं एकाच हंडीतली.

मग त्यांनी यादी नीट वाचली.

'पुलापलीकडची बँक, खिडकि १. इथल्या बाईंना हातांची भाषा येते. जवळ लिहायची पाटीही असते.'

त्याच्या वरती:

'मधल्या चौकातली शाखा, खिडकि ३. उंच, डाव्या भुवईवर तीळ असलेले गृहस्थ. मान वर करून सरळ तोंडाकडे बघतात. ओठ स्पष्ट हलवतात. आकडा लिहून चिठ्ठी आपल्याकडे फिरवतात. घाई करत नाहीत. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना सांगावं लागत नाही.'

काकांचा हात नकळत डाव्या भुवईकडे गेला.

शिवणवर्ग कर्णबधिर मुलींचा होता. बुद्धिबळाचा क्लब कर्णबधिरांचा. शाळाही त्यांचीच. काकांनी एकामागून एक पानं उघडली. चौथं, दहावं, चाळिसावं. सगळीकडे तोच तीळ, तीच चिठ्ठी, तीच चुकीची खिडकी. आणि मग एकदम, सावकाश पाणी चढावं तशी, त्यांना ती दुसरी गोष्ट कळली. ते वाईट दिवस. समोरचे ओठ हलायचे आणि कानांवर काहीच यायचं नाही ते दिवस. ती माणसं बोललीच नव्हती! त्यांनी नुसते ओठ हलवले होते, कारण खिडकीतला माणूस ओठ वाचतो हे त्यांना ठाऊक होतं. काकांच्या कानांचा त्या दिवशी काही गुन्हा नव्हता. ऐकण्यासारखं काही नव्हतंच तिथे.

ते हसायला लागले. इतके, की नकाशेवाली उठून पाण्याचा पेला घेऊन आली.

*

घरी बायकोनं नेहमीप्रमाणे दार उघडून आधी त्यांचा चेहरा वाचला.

"काय झालं?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' मला चांगलं माहीत आहे. बसा. इकडे बघा. माझ्याकडे बघून सांगा."

काकांनी सांगितलं. बायको हातातल्या टॉवेलच्या घड्या घालत घालत ऐकत होती. शेवटी तिनं तो तसाच मांडीवर ठेवला.

"म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते! सात वर्षं तुम्ही बँकेपासून लपवलंत, माझ्यापासून लपवलंत. मी म्हणायचे, हा माणूस माझं बोलणं मनावर का घेत नाही. आणि त्यांनी छापून ठेवलं होतं!"

"त्यांनी तसं कुठे छापलंय? त्यांनी लिहिलंय की मला सांगावं लागत नाही."

"तेच ते," बायको म्हणाली. ती उठून आत गेली आणि आतूनच काहीतरी बोलली. काकांना कळलं नाही. ती परत दारात येऊन उभी राहिली, पण ते वाक्य तिनं पुन्हा सांगितलं नाही. हल्ली ती बऱ्याच गोष्टी दुसऱ्यांदा सांगत नसे.

*

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी तो चटकन उचलला.

"म्हणजे स्पर्धा नाहीच," नकाशेवाली म्हणाली. "दोन बँकांत एकेक माणूस आहे म्हणून दोन ठिपके जवळ आलेत. हे आपण गुरुवारी सांगायला हवं, मॅडम. किती वेगळी गोष्ट आहे ही!"

मॅडम फळ्याकडे वळल्या आणि पाठ बोलायला लागली. काकांना मधूनच एक शब्द आला. गोंगाट. त्यांनी नकाशेवालीकडे पाहिलं.

"मॅडम म्हणतायत," तिनं ओठ स्पष्ट हलवत सांगितलं, पण डोळे खाली होते, "एकाच यादीच्या त्रेसष्ट नकला म्हणजे एकच यादी. माहितीत असा कचरा येतो, त्याला आपल्या कामात गोंगाट म्हणतात. तो काढून टाकायचा."

"बहिऱ्यांची पानं," काका म्हणाले, "आणि गोंगाट?"

हे ते बहुधा मोठ्यानं बोलले असावेत, कारण मॅडम गर्रकन वळल्या. पण त्या रागावल्या नाहीत. "हिशोबाच्या दृष्टीनं म्हटलं, काका," असं काहीतरी त्या म्हणाल्या. आणि हिशोबाच्या दृष्टीनं त्यांचं चूक नव्हतं, हे काकांना पटत होतं. एक नोट त्रेसष्ट वेळा मोजली म्हणून त्रेसष्ट नोटा होत नाहीत.

नकाशेवालीनं ती पानं वगळली आणि नकाशा पुन्हा मांडायला टाकला. काका तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. ठिपके क्षणभर थरथरले, मग आपापल्या नव्या जागा शोधत हलू लागले. निळा ठिपका हळूहळू मोठ्यांच्या घोळक्याकडे सरकला. हिरवा ठिपका सुटला. घाईनं नाही, संथ पाण्यात सोडलेली होडी जावी तसा तो कडेकडेला जात राहिला आणि एका कोपऱ्यात, कुणाच्याच जवळ नाही अशा जागी, जाऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका पुलापलीकडे गेले.

*

छोटी बँक खरोखरच छोटी होती. तीन खिडक्या, एक बाक, भिंतीवर कॅलेंडर. पहिल्या खिडकीत पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. समोर रांग होती आणि रांगेत सगळे हात हलवत होते. हसत होते, भांडत होते, एकमेकांच्या चहाड्या करत होते असं दिसत होतं. काकांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या गर्दीत डोकं दुखल्यासारखं वाटलं नाही. इथे त्यांच्या कानांतून काही निसटत नव्हतं.

त्यांचा नंबर आला तेव्हा काय बोलावं ते त्यांना सुचेना. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

"तीन नंबर?" त्यांचे ओठ म्हणाले.

काकांनी मान हलवली.

बाईंनी खिडकीवर 'पाच मिनिटांत येते' ची पाटी लावली आणि त्यांना आत बोलावलं. मागच्या खोलीत खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी ओढल्या.

"मला वाटलं तुम्ही गेलात," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

बाईंनी बोट वर केलं.

"वरच गेलो," काका म्हणाले. "चौथ्या मजल्यावर."

बाई खदखदून हसल्या. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. त्याच्याशी भांडता यावं म्हणून त्या बोलायच्या आधी हात हलवायला शिकल्या. खिडकीवर बसल्या तेव्हा भावाचे दोस्त येऊ लागले, मग दोस्तांचे दोस्त. "ते मला तुमच्याबद्दल सांगायचे. पुलाअलीकडचे तुमच्याकडे, पलीकडचे माझ्याकडे, अशी वाटणी होती आपली. तुम्हाला माहीतच नव्हती म्हणा! मग दोन वर्षांपूर्वी माझी रांग एकदम दुप्पट झाली."

"आता कळलंय ना सगळ्यांना? की मी नाही तिथे?"

बाईंनी मानेनंच नाही म्हटलं. "ओळखीच्यांना कळलं. पण नवे येतात ते यादी बघून येतात. आधी तुमच्या खिडकीवर जातात. तिथला मुलगा चांगला आहे, पण ऐकू येत नाही म्हटलं की तो ओरडतो. ओरडून काय होणार? तोंड वेडंवाकडं होतं आणि ओठ वाचता येत नाहीत. मग कोणीतरी त्यांना पुलाकडे बोट दाखवतं. गेल्या आठवड्यात एक आजीबाई आल्या. दोन बस बदलून आधी तिकडे, मग चालत इकडे. इथे बसून रडल्या. पाय दुखले म्हणून नाही. म्हणाल्या, सगळे बघत होते."

काका पुलावरून परत निघाले. खाली नदी होती, बाजूनं गाड्या जात होत्या, आणि सगळं स्वप्नातल्यासारखं आवाजाविना सरकत होतं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तीस वर्षं त्यांनी एकही चुकीची नोंद दुसऱ्या दिवसावर ढकलली नव्हती. आणि इथे दोन वर्षं त्रेसष्ट ठिकाणी त्यांच्याच नावावर, नाव नसलं तरी त्यांच्याच तिळावर, एक खोटी नोंद उभी होती.

पुढचे चार दिवस काकांनी सुट्टीत डबा खाता खाता पत्रं टंकली. एका बोटानं. मजकूर एकच:

'आपल्या यादीतल्या मधल्या चौकातल्या शाखेची नोंद जुनी झाली आहे. खिडकी तीनवरचे गृहस्थ आता तिथे नाहीत. कृपया ती नोंद काढून टाकावी. पुलापलीकडच्या बँकेची नोंद बरोबर आहे, मी स्वतः पाहून आलो. तसेच 'खिडकी' शब्दात 'की' दीर्घ हवी.'

खाली सही करताना ते अडले. मग त्यांनी लिहिलं, 'एक कर्मचारी'.

नकाशेवालीनं तिसऱ्या दिवशी ते पत्र पडद्यावर पाहिलं. तिनं खुर्ची काकांसमोर ओढली.

"काका, तुम्ही आपल्या बँकेचे दुवे पुसताय. आपला विभाग दुवे मोजायला आहे, पुसायला नाही."

"हो."

"आणि तुम्हालाही पुसताय."

"मी तिथे नाही ना," काका म्हणाले. त्यांना तिचा प्रश्नच कळला नाही. या वेळी कानांमुळे नव्हे.

*

महिन्याभरात पानं बदलत गेली. काका रोज सकाळी कामाआधी पाच-सहा पानं उघडून बघायचे. आधी पालक मंडळाचं बदललं. मग बुद्धिबळवाल्यांचं. तीळ गेला, चिठ्ठी गेली. खाली पाटीवाल्या बाई तेवढ्या राहिल्या. शिवणवर्गानं बदल केलाच, वर 'खिडकी'ही सुधारली.

आणि त्यांच्यापैकी एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी सौजन्य म्हणून बँकेच्या अधिकृत पत्त्यावर आभाराचं पत्र पाठवलं: 'आपल्या कर्मचाऱ्यानं प्रामाणिकपणे दुसऱ्या बँकेचं नाव सुचवलं, असं फार क्वचित घडतं.' पत्र वरिष्ठांच्या हातांतून फिरत मॅडमच्या टेबलावर आलं.

मॅडमनी काकांना बोलावलं. दार लावलं. आणि खिडकीबाहेर बघत बोलायला सुरुवात केली. काका उभे राहिले. थोड्या वेळानं मॅडम थांबल्या आणि उत्तराची वाट बघत वळल्या.

"मॅडम, मला काही ऐकू आलं नाही," काका म्हणाले.

हे वाक्य त्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदाच उच्चारलं होतं. ते इतकं सोपं निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "काहीच नाही?"

"तुम्ही पाठ करून बोलता तेव्हा नाही."

"दोन वर्षं?"

"नकाशेवाली सांगते मग मला."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी काकांनाही बसायची खूण केली. मग सावकाश, तोंड समोर धरून बोलल्या. "काका, तुम्ही आपली गिऱ्हाईकं दुसऱ्या बँकेला दिलीत. मला वर उत्तर द्यायचंय."

"ती आपली नव्हती, मॅडम. मला खिडकीवरून उठवलं त्या दिवशीच ती गेली. मी फक्त त्यांची पायपीट वाचवली."

"मला विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं," काका म्हणाले. "मग माझी पंचाईत झाली असती. कारण मी केलं असतंच."

हसू आवरावं तसं मॅडमचं तोंड क्षणभर वाकडं झालं. पण नियम तो नियम. दोन दिवसांनी काकांना मेमो मिळाला: विभागाच्या हिताविरुद्ध, परवानगीशिवाय पत्रव्यवहार. तीस वर्षांत पहिला. काकांनी तो दोनदा वाचला, 'मिळाला' म्हणून सही केली आणि तारीख घातली. मॅडमनी त्याच दिवशी वर आणखी एक कागद पाठवला, मधल्या चौकातल्या शाखेत हातांची भाषा येणारं कोणी नेमावं म्हणून. त्याचं उत्तर आलं, 'विचाराधीन'. अजून ते विचारच करत आहेत. पण मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलायच्या थांबल्या. कधी विसरल्याच तर वाक्य अर्ध्यात तोडून वळायच्या आणि पहिल्यापासून सांगायच्या.

मेमोबद्दल काकांनी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बरं झालं." आणि मग, त्यांच्या समोर येऊन बसत, "त्या बाई कोणाला शिकवतात का हो? हातांचं?"

"शनिवारी सकाळी. बँकेच्या मागच्या खोलीत. का?"

"का काय का? मला ओरडून ओरडून कंटाळा आलाय. घसा माझा, कान तुमचे, आणि शेजाऱ्यांना आपलं सगळं पाठ. चला, नाव घालू दोघांचं."

"मला अजून थोडं येतं की ऐकू."

"हो," बायको म्हणाली. "म्हणूनच आत्ता."

शनिवारी ती त्यांच्या आधी तयार होऊन बसली होती. मागच्या खोलीत दहा-बारा खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. कोणाची आई होती, कोणाचा नवरा, एक नवी परिचारिका. बाईंनी पहिल्यांदा पाणी शिकवलं, मग घर, मग भूक. काकांची बोटं नोटा मोजून मोजून तयार झालेली, ती पटापट वळली. बायकोचा मात्र सगळा घोटाळा. 'घर' करायला गेली की भलतंच काही व्हायचं. बाईंनी तिला एकदा दुरुस्त केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा तिनं मोठ्या आत्मविश्वासानं काकांकडे वळून दोन्ही हातांनी काहीतरी केलं. समोर बसलेला एक बहिरा तरुण ते पाहून खुर्चीवरून पडायच्या बेतात आला. बाईंनी कपाळाला हात लावून पाटीवर लिहिलं: 'त्या म्हणाल्या, मला भूक लागली की मी घर खाते.'

बायकोनं पाटी वाचली आणि ती हसायला लागली. डोळे मिटून, मान मागे टाकून, खांदे गदगदा हलवत. दाराशी बसलेला बँकेचा पहारेकरी दचकून वळला आणि आत डोकावला. म्हणजे ती बरीच मोठ्यानं हसली असणार.

काकांना ते ऐकू आलं नाही. आज आलं नाही, आणि कधीपासून येत नव्हतं ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी मांडीवरचे हात तसेच ठेवले आणि तिचं हसणं, ते पुरतं थांबेपर्यंत, नीट पाहून घेतलं.